अडकित्ता, खलबत्ता की रसवंती?

मोसंबीची एक वाळकी काडी घ्या. करंगळीएवढी जाड, हातभर लांब. दोन्ही टोकं धरून वाकवा. कडकन मोडली. आता त्या तुकड्याचे पुन्हा दोन करा, मग त्याचेही दोन. तिसऱ्या वेळेला बोटं दुखायला लागतात. दोन इंचाचा तुकडा उरला की तो पैलवानालाही दाद देत नाही. काडी तीच, जाडी तीच. मग मधल्या मध्ये झालं काय?

झालं एवढंच की तरफ संपली. लांब काडी स्वतःला मोडायला आपल्याला मदत करत होती, तिची लांबी पहारीचं काम करत होती. आखूड तुकडा ती मदत करत नाही. हात जिथं हरतो तिथून पुढं मोडायचं नसतं, कापायचं, नाहीतर ठेचायचं असतं. तिथून पुढचं सगळं काम श्रेडर नावाच्या यंत्राचं.

गेल्या हिवाळ्यात बदनापूर तालुक्यातल्या मामाच्या बागेत बसून ही काडी मी मोडत होतो. बागेतली सल काढून झाली होती. सल म्हणजे झाडावरच वाळून गेलेल्या बारीक फांद्या. शिवाय रसरशीत पाणसोट फुटवे छाटलेले. सगळ्याचा ढीग बांधाला लागला होता, तीन ट्रॉल्या भरतील एवढा. त्यापलीकडं पऱ्हाटीचा, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या कपाशीच्या झाडांचा ढीग, तो त्याहून मोठा. मामा जालन्यात दुकानं पालथी घालून आला होता आणि वैतागला होता. जाईल तिथं एकच प्रश्न: किती एचपीचं देऊ?

मला वाटतं, हा प्रश्न आधी विचारायचाच नसतो. आधी ढिगाकडं बघायचं असतं. कारण लाकूड मोडण्याच्या तीन तऱ्हा आहेत आणि तिन्ही आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या आहेत: अडकित्ता, खलबत्ता आणि, घरात नाही तर एसटी स्टँडसमोर, रसवंती.

पण त्याआधी लाकूड म्हणजे काय ते बघू, कारण खरी गंमत तिथं आहे.

जालन्याच्या माणसाला लाकूड समजावून सांगणं सोपं आहे, कारण या गावात सळई तयार होते. देशभरातून भंगार येतं, भट्टीत वितळतं आणि सळई होऊन स्लॅबमध्ये जातं. स्लॅब कशानं टिकतो? सळई ताण घेते, काँक्रीट दाब घेतं. दोघं एकमेकांना धरून असतात. लाकडात हेच आहे. सेल्युलोजचे धागे म्हणजे सळई आणि त्यांच्यामधे भरलेलं लिग्निन म्हणजे काँक्रीट. फरक एवढाच की इथल्या सळया डोळ्यांना न दिसण्याइतक्या बारीक, आणि त्या ओतायला भट्टी लागत नाही. हवा, पाणी आणि ऊन एवढ्यावर झाड गुपचूप हे बांधकाम करत राहतं.

आणि या सगळ्या सळया उभ्या. फांदीच्या लांबीला समांतर. म्हणून तर कुऱ्हाडीनं ओंडका उभा फोडला की एका घावात दोन फाका होतात, आणि तोच ओंडका आडवा तोडायला घामाची आंघोळ होते. उभं फोडताना आपण सळयांच्या मधून जातो. आडवं तोडताना एकेक सळई कापावी लागते.

आता अडकित्ता. सुपारी कापताना नुसतं वरचं पातं खाली येत नाही. खाली टेकण असते. टेकण नसेल तर सुपारी पळेल. पात्याच्या श्रेडरमध्येही हेच असतं. एक जड लोखंडी चकती, तिच्यावर दोन किंवा अधिक पाती, आणि फांदी जिथून आत येते तिथं एक अचल पट्टी. फिरणारं पातं त्या पट्टीला जवळजवळ खेटून जातं. दोघांमधे जो येईल तो कापला जातो. ती फट वाढली की फांदी कापली न जाता मुडपून आत ओढली जाते, दोऱ्या लोंबतात, यंत्र कोकलायला लागतं. मशीन बघायला गेलात की रंगाकडं नंतर बघा. ती फट बघा, आणि ती पट्टी पुढंमागं सरकवायची सोय आहे का ते बघा.

या कापण्यात एक लबाडी आहे, आणि ती मला फार आवडते. पातं फांदीला अगदी आडवं जात नाही, तिरपं जातं, आणि ते पाचरीसारखं असतं. ते फांदी आडवी कापत जातं आणि त्याच वेळी पाचरीनं पुढच्या लाकडाला रेटतं. रेटलं की काय होतं? लाकूड आपल्या जुन्या सवयीनं उभं फुटतं. म्हणजे चिपेची लांबी पातं ठरवतं, पण जाडी लाकूड आपणहून ठरवून देतं. अर्धं काम फांदीकडूनच करून घेतलं!

दुसरी लबाडी त्या जड चकतीत. ज्यांनी हातानं कडबा कुट्टी ओढली आहे त्यांना ती खांद्यात माहीत आहे. कुट्टीचं ते मोठं चाक सुरू करताना जीव जातो, पण एकदा फिरलं की कडब्याची पेंढी आपोआप कापली जाते. ते चाक म्हणजे पिगी बँक आहे. आपण थोडं थोडं भरतो, पातं एकदम काढतं.

किती भरतो? एक हिशेब करू. समजा चकती 40 किलोची, व्यास 60 सेंटीमीटर, आणि ती मिनिटाला 1500 फेरे घेते. तिच्या कडेचा वेग निघतो ताशी 170 किलोमीटर. म्हणजे समृद्धी महामार्गावर कुठलाही शहाणा माणूस जाणार नाही इतका. आणि तिच्यात साठलेली ऊर्जा? सोयाबीनचं 50 किलोचं पोतं 45 मीटर उंच, चौदा-पंधराव्या मजल्यावर नेऊन ठेवायला जेवढी लागेल तेवढी. पाच एचपीच्या मोटरला एवढी कमाई करायला सहा सेकंद लागतात. पातं मात्र त्यातला घास सेकंदाच्या शंभराव्या भागात घेतं, आणि पुढचं पातं येईपर्यंत मोटर पुन्हा भरणा करते. दोन पाती असतील तर सेकंदाला 50 घाव. दर घावाला एक सेंटीमीटर चिप धरली तर दीड मीटरची फांदी तीन सेकंदांत संपते. आपल्याला फक्त एक सलग गुरगुर ऐकू येते.

म्हणून एचपी विचारण्याआधी चकतीचं वजन विचारा. हलक्या चकतीचं सात एचपीचं यंत्र एखाद्या गाठीवर गपकन थांबतं, आणि जड चकतीचं पाच एचपीचं तीच गाठ गिळून ढेकर देतं. ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर चालणाऱ्या यंत्रात तर ताकद मुबलक असते. पीटीओ मिनिटाला 540 फेरे देतो, आणि पट्टे किंवा गिअर तो वेग वाढवून चकतीला देतात.

इथं एक सावधगिरी आलीच. तिरपं पातं फांदीला आपणहून आत ओढतं, आणि ते फांदी आणि हात यांत भेद करत नाही. कडबा कुट्टीनं किती गावांत किती बोटं खाल्ली आहेत ते सांगायला नको. यंत्राचं तोंड, म्हणजे फांदी टाकायची चोच, आपल्या हातापेक्षा लांब असलीच पाहिजे. पीटीओच्या दांड्यावर कव्हर नसेल तर ते यंत्र फुकट मिळालं तरी घेऊ नका. उपरण्याचं किंवा पदराचं एक टोक पुरतं.

आता जाडीचा मुद्दा, जिथं सगळे फसतात. यंत्रावर लिहिलेलं असतं, 40 मिलिमीटरपर्यंत. आपण म्हणतो, 20 ची काडी जाते, 40 म्हणजे त्याच्या दुप्पट, जाईल की. पण कापायचं काय असतं? जाडी नव्हे, आडव्या कापाचं क्षेत्रफळ. जाडी दुप्पट झाली की सळया चौपट झाल्या. जाडी तिप्पट, तर नऊपट. अंगठ्याची फांदी आणि मनगटाची फांदी यांत अंतर दिसतं थोडं, यंत्राला ते डोंगराएवढं असतं.

त्यात लाकूड कोणतं? शेवग्याची फांदी काकडीसारखी जाते. मोसंबीचं लाकूड घट्ट. आणि बाभळीचं नाव काढलं की पाती आपापसात कुजबुजत असतील. शिवाय ओलं की वाळलं? लाकडाच्या पेशींच्या भिंतींत पाणी असतं तोवर ते मऊ असतं. चांगलं वाळलं की त्याची ताकद जवळपास दुप्पट होते. आज छाटलेला पाणसोट यंत्र चघळत जातं, तोच उन्हाळाभर पडून राहिला की दगड. पात्याच्या यंत्राला काम द्यायचं तर छाटणीच्याच आठवड्यात द्यावं.

जालना जिल्ह्यातल्या कडवंचीच्या द्राक्षबागांत हे आपोआप साधतं. 1996 नंतर तिथं पाणलोटाचं काम झालं, पाणी अडलं आणि त्या पाण्यावर द्राक्षं आली. द्राक्षवेलीला वर्षात दोनदा कात्री लागते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी. म्हणजे वर्षातून दोनदा ताज्या, पेन्सिलीएवढ्या, लवचिक काड्यांचा सडा. अडकित्त्याला याहून चांगलं गिऱ्हाईक नाही. फक्त काड्यांबरोबर बांधणीची तार आणि सुतळी आत जाऊ द्यायची नाही.

आता मामाच्या दुसऱ्या ढिगाकडं वळू, पऱ्हाटीकडं. इथं अडकित्ता हरतो, आणि कसा हरतो ते मी पाहिलं आहे. आदल्या वर्षी मामानं पात्याचं एक यंत्र भाड्यानं आणलं होतं. पहिली दहा मिनिटं झकास. मग आवाज जड झाला, वास सुटला, यंत्र थांबलं. झाकण उघडलं तर दांड्यावर तपकिरी दोरखंड गुंडाळलेला, मनगटाएवढा जाड. बाहेरून कुणी दोर टाकला नव्हता. तो पऱ्हाटीनंच वळला होता! अर्धा दिवस कोयत्यानं तो सोडवण्यात गेला.

दोर आला कुठून? कपाशीच्या कुळात डोकावा. भेंडी आणि अंबाडी ही तिची सख्खी भावंडं. अंबाडीच्या सालीचे दोर आपले आजोबा वळायचे. तोच गुण कपाशीच्या सालीत आहे. आपण बोंडातला कापूस वेचतो आणि समजतो, झाडाकडचे धागे संपले. अहो, झाडानं दुसरा धाग्यांचा साठा अंगावरच गुंडाळून ठेवलेला असतो, तागासारखा चिवट. अर्धवट ओली पऱ्हाटी पात्यात गेली की लाकूड कापलं जातं, साल सोलून निघते आणि फिरत्या दांड्याला मिठी मारते.

शिवाय पऱ्हाटी चिमट्यानं उपटलेली असते, म्हणजे मुळांसकट. मुळांत माती, मातीत गारगोटी. आपली जमीन बसाल्टच्या खडकाची, गारगोटी जागोजाग. चकमक माहीत आहे ना? पोलादावर गारगोटी घासली की ठिणगी उडते. ती ठिणगी गारगोटीची नसते, पोलादाची असते. दगड पोलादाचा कण खरवडून काढतो आणि तो कण हवेत पेटतो. याचाच अर्थ गारगोटी पोलादाहून कठीण. मातीनं भरलेली मुळं पात्यात टाकणं म्हणजे नव्या पात्यावर चकमक झाडत बसणं.

म्हणून इथं खलबत्ता. या यंत्रात धारदार पाती नसतात. दांड्याला लोंबकळणारे जाड लोखंडी हातोडे असतात. दांडा फिरला की ते ताठ उभे राहतात, गोफणीतल्या दगडासारखे, आणि समोर येईल ते ठेचतात. दगड आला तर हातोडा मागं झुकतो, मार पचवतो आणि पुढच्या फेरीला पुन्हा ताठ. त्याला धार नाही, त्यामुळं धार जायची भीतीही नाही. वाळलेली पऱ्हाटी त्यात काचेसारखी फुटते. खाली जाळी असते, तिच्या भोकांतून जाईल एवढं बारीक झाल्याशिवाय काही सुटत नाही. तुराट्या इथंच टाकायच्या. मात्र ओल्या फांद्या घातल्या की जाळी लगद्यानं बुजते. खलबत्त्यात ओलं खोबरं कुटून पाहा, कळेल.

ठेचण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि कपाशीच्या मुलखात तो सगळ्यात मोठा. 2017 चा हंगाम आठवतो? गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्राची कपाशी पोखरली होती. ही अळी हिवाळ्यात पऱ्हाटीवर उरलेल्या किडक्या बोंडांत झोपते. खात नाही, हलत नाही. आपण पऱ्हाटी बांधावर रचतो, म्हणजे तिच्यासाठी गोदाम बांधतो. पुढच्या पावसाळ्याच्या सुमाराला पतंग बाहेर पडतात आणि समोरच नवी कपाशी. ते बोंड अळीसकट हातोड्याखाली आलं की साखळी तुटते. कृषी खातं पऱ्हाटीचा बारीक चुरा करायला सांगतं ते यासाठी.

हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते. मुंबईत माटुंग्याला 1924 पासून असलेल्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं तिच्यापासून पार्टिकल बोर्ड करून दाखवले आहेत. पऱ्हाटीच्या भुश्श्याच्या कांड्याही होतात, कारखान्यांच्या बॉयलरसाठी. त्यात डिंक घालावा लागत नाही! प्रचंड दाबाखाली भुस्सा तापतो, लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि थंड होताना तेच डिंकासारखं आवळून बसतं. झाडाचं काँक्रीट दुसऱ्यांदा ओतलं जातं.

रसवंतीबद्दल थोडक्यात. शहरात बंगल्याभोवती जास्वंद, लिंबू, कडीपत्ता असेल तर विजेवर चालणारं, हळू फिरणारं दातेरी रुळाचं यंत्र मिळतं. रूळ फांदीला पट्टीवर दाबतो, चिरडतो आणि रसवंतीसारखं आपणच ओढून घेतो. आवाज कमी, शेजारी भांडत नाहीत. पण काम गोगलगायीचं. बागायतदारानं त्याच्याकडं वळून बघू नये.

आणि पातं? जुने लोहार ट्रकच्या कमानीचा पाटा घेऊन विळे-कोयते करायचे, आजही करतात, कारण ते पोलाद चिवट असतं. लालबुंद पातं पाण्यात किंवा तेलात बुडवलं की चर्रर्र आवाज येतो, त्याला आपण पाणी देणं म्हणतो. लाल असताना लोखंडाच्या कणांत कार्बन मोकळा फिरत असतो. एकदम गार केलं की तो बाहेर पडायच्या आत कोंडला जातो आणि धातू कडक होतो. इतका कडक की ठिसूळ. म्हणून लोहार ते पुन्हा जरा शेकतो. धार कडक हवी, पाठ सोशीक हवी. जालन्याच्या टीएमटी सळईतही हीच जोडी असते, वरून पाण्याच्या फवाऱ्यानं कडक केलेली कातडी आणि आत मऊ गाभा. यंत्र घेताना बदलीची पाती गावात मिळतील का, नाहीतर लोहाराकडून करून घेता येतील का, हे विचारून ठेवा. उलटवून दोन्ही कडांनी वापरता येणारी पाती मिळाली तर उत्तमच.

आता चुरा झाला. पुढं? मामानं आदल्या वर्षीचा चुरा दोन ओळींच्या मोसंबीखाली पसरला होता. मी वरचा थर बाजूला केला. वरती वाळकं, करडं. दोन बोटं खाली ओल, आणि चिपांमधून गेलेले पांढरे तंतू, कोळ्याच्या जाळ्यासारखे. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा माती उकरल्यावर येतो तो वास. डिसेंबर होता, शेवटचं पाणी देऊन बरेच दिवस झाले होते, आणि शेजारच्या उघड्या ओळीत जमीन भेगाळली होती.

ते पांढरे तंतू बुरशीचे. लिग्निन पूर्ण पचवू शकणारे जीव जगात थोडेच, त्यात श्वेतकूज करणारी बुरशी पहिली. बाजारात मिळणारी धिंगरी त्याच गटातली, आणि ती पऱ्हाटीवरही वाढवता येते. मग हीच बुरशी अख्ख्या फांदीवर का चढली नाही? कारण साल म्हणजे बंद दरवाजा. झाडातल्या पाण्याच्या नळ्या दोन टोकांनाच उघड्या असतात. एक मीटरची काडी, दोन तोंडं. तिचे एक-एक सेंटीमीटरचे शंभर तुकडे केले की तोंडं झाली दोनशे. लाकूड तेवढंच, वजन तेवढंच, पण दारं शंभरपट उघडली. यंत्रानं ना खत घातलं ना औषध. त्यानं नुसते दरवाजे उघडले.

हा चुरा मातीत मिसळायचा मात्र नाही. सूक्ष्मजीवांना साधारण पंचवीस भाग कर्बामागं एक भाग नत्र लागतं. खोडाच्या लाकडात हे प्रमाण शेकड्यांत जातं. मग नत्र कुठून आणणार? मातीतून, म्हणजे झाडाच्या ताटातून. झाड पिवळं पडतं. वर पसरून ठेवला की ही उसनवारी वरच्या पापुद्र्यापुरती राहते. मिसळायचाच असेल तर आधी शेणकाल्याबरोबर कुजवावा. आणि बुंध्याला चिकटवू नये, अर्धा हात लांब ठेवावा. बुंधा सतत ओला राहिला की डिंक्या रोगाला आमंत्रण.

एवढं सगळं ऐकून मामा म्हणाला, "म्हणजे मला दोन मशिनी पायजेत म्हण की."

मी म्हणालो, "पऱ्हाटीचं ट्रॅक्टरवालं भाड्यानं आण, वर्षातून एकदाच लागतं. बागेचं घे."

"पण हे बघ ना." त्यानं ढिगातून मनगटाएवढा फाटा उपसून काढला. "हे ज्याच्यात जातंय ते मशीन ट्रॉलीएवढं, आन् किंमत तर बोलूच नको."

तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या. त्यांनी तो फाटा मामाच्या हातातून काढून घेतला.

"जाड जाड मला चुलीला राहू द्या. बारीक घाला तुमच्या त्या मशिनीत."

आणि त्या खरंच ढिगाजवळ बसल्या. अर्ध्या तासात जाड फाटे एका बाजूला, मोळी बांधून. उरलेल्या ढिगात अंगठ्याहून जाड काही शोधूनही सापडेना. मामानं खिशातून फोन काढला, सकाळच्या दुकानदाराला लावला आणि म्हणाला, "ते सगळ्यात मोठं राहू द्या. अंगठ्याएवढ्या काडीचं काय हाये, चकती जड पायजे."